गोवराची साथ आणि मोजके डोस : एका मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५ : आखणी

प्रश्न एकच ठेवला आहे. गोवराची साथ सुरू झाली, हातात मोजके डोस आणि मोजकी पथकं आहेत, तर डोस कुठे, कधी आणि किती वेगाने द्यायचे?

डोळ्यांसमोर मुंबईची २०२२ ची साथ आहे. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडी परिसरात रुग्ण वाढले आणि नोव्हेंबरअखेर केंद्र सरकारने दोन गोष्टी सुचवल्या. जोखमीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षं वयाच्या मुलांना नेहमीच्या वेळापत्रकाव्यतिरिक्त एक जादा डोस द्यावा, आणि जिथे एकूण रुग्णांपैकी १० टक्क्यांहून जास्त रुग्ण ९ महिन्यांच्या आतले आहेत, तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यावा. या दोन्ही सूचना मॉडेलमध्ये बसल्या पाहिजेत. मॉडेलमधले आकडे मात्र मुंबईचे नाहीत. हिशोब सरळ राहावा म्हणून १०,००० मुलांचा एक काल्पनिक वॉर्ड घेतला आहे. वय ९ महिने ते ५ वर्षं. मोठी माणसं सुरक्षित धरून बाहेर ठेवली आहेत.

९ जानेवारी : मूळ आकडे आणि उंबरठा

गोवराचा आर-शून्य, म्हणजे कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एका रुग्णापासून होणाऱ्या लागणी, साधारण १२ ते १८ सांगितला जातो. इथे १५ घेतला. सुप्त काळ (लागण झाली, पण अजून दुसऱ्याला देत नाही) ८ दिवस, संसर्गाचा काळ ६ दिवस. म्हणजे बीटा (एका रुग्णापासून रोज होऊ शकणाऱ्या लागणी) = १५ ÷ ६ = दिवसाला २.५.

साथ पेटू नये म्हणून किती मुलं सुरक्षित हवीत? १ − १/१५ = ९३.३ टक्के. आर-शून्य १२ धरला तर ९१.७, १८ धरला तर ९४.४. इथे सुरक्षित मूल आणि डोस घेतलेलं मूल या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. ९ महिन्यांना दिलेल्या एका डोसाची परिणामकारकता साधारण ८५ टक्के धरतात. ९३.३ ला ०.८५ ने भागलं तर ११० टक्के येतात, म्हणजे एका डोसावर हा उंबरठा गाठताच येत नाही. शंभर टक्के मुलांना पहिला डोस दिला तरी आर (काही मुलं सुरक्षित असताना एका रुग्णापासून प्रत्यक्षात होणाऱ्या लागणी) राहतो १५ × ०.१५ = २.२५. दोन डोसांची परिणामकारकता ९७ टक्के धरली की ९६.२ टक्के मुलांनी दोन्ही डोस घेतलेले हवेत. १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस बूस्टर म्हणून वर टाकलेला नाही, गणितात तो मुख्य डोसाइतकाच लागतो.

१३ जानेवारी : कप्पे

पुस्तकी एसईआयआर मॉडेल मुलांना असुरक्षित, सुप्त, संसर्ग देणारी आणि बरी झालेली अशा कप्प्यांत वाटतं. त्यात सुप्त काळाला एकच कप्पा असतो आणि त्यातून मुलं ठराविक दराने बाहेर पडतात. सरासरी ८ दिवस येते, पण वाटणी चुकते. या हिशोबाने लागण झालेल्यांपैकी ११.८ टक्के मुलं पहिल्याच दिवसात संसर्ग देऊ लागतात. गोवरात असं होत नाही.

उपाय जुनाच आहे. सुप्त काळाचे सरासरी एकेक दिवसाचे ८ कप्पे केले, संसर्गकाळाचे दोन-दोन दिवसांचे ३. त्यामुळे एका लागणीपासून पुढच्या लागणीपर्यंतचं सरासरी अंतर १२ दिवस येतं. एकेक कप्पा ठेवला असता तर ते १४ आलं असतं.

फरक कुठे जाणवतो ते तपासलं. प्रत्यक्ष आर ३ असेल तर रुग्ण दुप्पट व्हायला एका कप्प्याच्या मॉडेलमध्ये ६.६ दिवस लागतात, अनेक कप्प्यांच्या मॉडेलमध्ये ७.०. इतक्यासाठी कुणी कोड बदलणार नाही. पण आर ६ झाला की तेच ३.३ आणि ४.१ दिवस होतात. लस न मिळालेल्या वस्त्यांमध्ये आर इतका चढू शकतो, म्हणून कप्पे राहतील.

एक फायदा आयताच मिळाला. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत डोस दिला तर आजार टळू शकतो. सुप्त काळाचे पहिले तीन कप्पे म्हणजे ढोबळमानाने तेच ७२ तास. त्या कप्प्यांतल्या मुलांना डोस लागू पडण्याची शक्यता वेगळ्या चलात ठेवली आहे आणि सध्या ती शून्य आहे. ती ०.८५ केली की आलेख फारच गोंडस दिसू लागतो.

१५ जानेवारी : सोडवणूक आणि पडताळणी

समीकरणं सोडवायला पायथनमध्ये सायपाय या गणिती संचातला सॉल्व्ह आयव्हीपी हा सॉल्व्हर वापरला. साथीच्या सुरुवातीला आकडे जवळजवळ स्थिर असतात, त्यामुळे सॉल्व्हर आपोआप मोठी पावलं टाकतो आणि पाच दिवसांची लसीकरण फेरी एका उडीत ओलांडून जाऊ शकतो. त्रुटीसंदेश येत नाही. फेरीने काहीच फरक पडला नाही असा आलेख तेवढा येतो. त्यामुळे फेरीच्या आधी, फेरीदरम्यान आणि फेरीनंतर असे तीन तुकडे वेगळे सोडवायचे. नुसती मॅक्स स्टेप (पावलाची कमाल लांबी) अर्धा दिवस केली तरी भागतं, पण तुकडे जास्त भरवशाचे. आरटॉल (चालवून घ्यायच्या त्रुटीचं प्रमाण) मूळच्या १/१००० वरून खाली १/१०,००,००० वर आणला.

दुसरी अडचण डोसांची. ‘दिवसाला ३२० डोस’ असं लिहून ते थेट असुरक्षितांतून वजा केले की काही दिवसांत तो कप्पा ऋण होतो. त्याऐवजी असुरक्षितांच्या संख्येला ठराविक दराने गुणावं, तर डोस कधीच संपत नाहीत आणि पथकाचं काम दिवसागणिक कमी होत जातं. दोन्ही चूक. प्रत्यक्षात पथक दारात आलेल्या प्रत्येक मुलाला डोस देतं. म्हणून दिवसाचे डोस × (अजून फेरीत न आलेल्यांपैकी असुरक्षितांचा वाटा) × परिणामकारकता एवढीच मुलं सुरक्षित कप्प्यात जातात. आजारी दिसणारी आणि मागच्या २८ दिवसांत गोवराची लस घेतलेली मुलं या वाट्याच्या हिशोबातून वगळायची.

पडताळणीचं उदाहरण असं : १०,००० पैकी १,००० असुरक्षित, सगळी एकमेकांत सारखी मिसळतात, लसीकरण नाही. आर १.५. अंतिम आकाराच्या (साथ संपेपर्यंत एकूण किती जणांना लागण होते त्याच्या) समीकरणातून असुरक्षितांपैकी ५८.३ टक्क्यांना लागण होते, म्हणजे ५८३ मुलं. कोडने हाच आकडा दिला पाहिजे. कप्प्यांची संख्या बदलल्याने तो बदलता कामा नये, कारण अंतिम आकार फक्त आरवर ठरतो.

१६ जानेवारी : जाता जाता

आकड्यांवर वक्र बसवण्याचा भाग तपासायला साथींचं गणित मांडणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचं १९२७ चं सूत्र घेतलं. त्यांनी आपला सिद्धान्त मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंवर लावून पाहिला होता : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, आठवडावार आकडे. सूत्राप्रमाणे आठवड्याचे मृत्यू = ८९० × (०.२ट − ३.४) च्या हायपरबोलिक सीकंटचा वर्ग (sech²), जिथे ट म्हणजे आठवडे. शिखर १७ व्या आठवड्यात, एप्रिल १९०६ च्या मध्याला. एकूण बेरीज ८,९००.

वक्र सुरेख बसतो. पण प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता आणि हे समीकरण माणसाकडून माणसाला होणाऱ्या लागणीचं आहे. यंत्रणा वेगळी असूनही आलेख जुळतो. त्यामुळे या प्रकल्पात ‘रुग्णांच्या आलेखाशी जुळलं’ हा एकट्याने पुरावा धरायचा नाही. लसीकरणाचा परिणाम यंत्रणेवरच अवलंबून असतो.

२० जानेवारी : सरासरीखाली झाकलेली वस्ती

वॉर्डाचे दोन भाग केले. वस्तीत २,००० मुलं, त्यातली ७० टक्के सुरक्षित, म्हणजे ६०० असुरक्षित. उरलेल्या वॉर्डात ८,००० मुलं, ९५ टक्के सुरक्षित, ४०० असुरक्षित. सरासरी बरोबर ९० टक्के. कागदावर बरा दिसणारा वॉर्ड.

मिसळण्याचं प्रमाण एका चलात ठेवलं. त्याला आपलेपणा म्हणू. तो ०.५ असेल तर मुलाचे निम्मे संपर्क आपल्याच भागात होतात आणि उरलेले निम्मे सगळ्या वॉर्डात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जातात. मग वस्तीतल्या मुलावरचा रोजचा धोका = २.५ × (०.५ × वस्तीतल्या संसर्ग देणाऱ्यांचं प्रमाण + ०.५ × वॉर्डातल्या संसर्ग देणाऱ्यांचं प्रमाण).

पुढच्या पिढीची २×२ मॅट्रिक्स (कुठल्या भागातला एक रुग्ण कुठल्या भागात किती लागणी करतो, याचा तक्ता) मांडून तिचं सर्वांत मोठं आयगेनमूल्य, म्हणजे दर पिढीला लागणी किती पट होतात तो आकडा, काढलं की आर मिळतो. आपलेपणा शून्य असताना १.५, ०.५ असताना २.७६, ०.८ असताना ३.७९, आणि वस्ती पूर्ण वेगळी असेल तर ४.५. मुलं तीच, डोस तेवढेच झालेले, सरासरीही तीच.

लसीकरण नसताना शेवटचा आकडाही बदलतो. आपलेपणा ०.५ धरून वस्तीत ५५९ आणि बाहेर २१८, एकूण ७७७ लागणी. सगळे सारखे मिसळतात असं धरलं तेव्हा ५८३ होत्या. बाहेरच्या ४०० असुरक्षितांपैकी निम्म्याहून जास्त मुलं लागतात, जरी त्यांच्या भागाचा स्वतःचा आर ०.७५ आहे. ही आग वस्तीतून येते.

२३ जानेवारी : दोन हजार डोस

साथ येण्याआधीच सगळे डोस देऊन झाले असं धरून तुलना. कार्ड हरवलेली, नोंदी अर्धवट, म्हणून आधी कुणी घेतलाय याची चौकशी न करता प्रत्येकाला डोस. परिणामकारकता ८५ टक्के, आपलेपणा ०.५.

२,००० डोस वॉर्डभर सारखे वाटले तर वस्तीत १०२ आणि बाहेर ६८, मिळून १७० मुलं नव्याने सुरक्षित होतात. आर २.७६ वरून २.२९. साथ थांबत नाही. तेच २,००० डोस पूर्ण वस्तीला दिले तर ५१० मुलं सुरक्षित आणि आर ०.७४.

पण शंभर टक्के मुलांपर्यंत कुठलंही पथक पोचत नाही. वस्तीत ८० टक्के, म्हणजे १,६०० डोस धरले की ४०८ सुरक्षित, १९२ असुरक्षित उरतात आणि आर येतो ०.९९८. १ च्या जेमतेम खाली. कागदावर फेरी यशस्वी, पण हाताशी काहीच शिल्लक नाही. एका वर्षावरच्या मुलांत परिणामकारकता ९५ टक्क्यांपर्यंत जाते. ती धरली तर आर ०.८४ होतो, मग थोडा श्वास घ्यायला जागा मिळते.

२४ जानेवारी : तीच मुलं पुन्हा सुटतात

कालच्या हिशोबात एक गृहीतक आहे, आणि ते प्रत्यक्षात सर्वांत आधी मोडतं : ८० टक्के मुलं यदृच्छेने मिळाली. ज्या घरात आजवर डोस पोचला नाही, तेच घर फेरीतही सुटतं. आई-बाप दोघं कामावर, मूल गावी गेलेलं, मागच्या डोसाला ताप आला म्हणून नकार, किंवा भाड्याची खोली बदललेली.

तेच १,६०० डोस घेतले, पण असुरक्षितांपैकी ६० टक्केच मिळाली असं धरलं. म्हणजे ३६० असुरक्षित मुलं आणि १,२४० आधीच सुरक्षित असलेली मुलं. अहवालात दोन्ही वेळी ‘८० टक्के’ हेच छापलं जाणार. सुरक्षित झाली ३०६, आर १.४१, आणि पुढे साथ आली तर सुमारे २६५ लागणी.

म्हणून मॉडेलला दोन वेगळे आकडे द्यायचे : एकूण पोच आणि आजवर शून्य डोस असलेल्यांमधली पोच. दुसरा मिळवण्यासाठी फेरीतच आशाताईंच्या यादीत एक रकाना पुरतो : ‘आजचा डोस हा या मुलाचा पहिलाच का?’ तो रकाना नसेल तर कितीही बारीक समीकरणं मांडली तरी हा फरक नंतर शोधता येत नाही.

२९ जानेवारी : उशीर आणि वेग

आता साथ चालू असतानाची फेरी. आर २.७६ ला वाढीचा दर दिवसाला ०.०९, दुपटीला ७.७ दिवस.

लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण १४ दिवस जातात. तेवढ्यात रोजच्या नव्या लागणी साडेतीन पट होतात. आज वस्तीत दिवसाला ४ मुलांना पुरळ दिसत असेल तर आज १४ मुलांना लागण होते आहे, फक्त ती दिसत नाही. नमुन्यांचा निकाल आल्यावर फेरी ठरवू म्हणत आणखी दोन आठवडे गेले की पुन्हा साडेतीन पट.

वेगाचं गणित मांडलं. एका पथकाचे दिवसाला ८० डोस धरले तर १,६०० डोसांना २० दिवस. चार पथकांना ५ दिवस. पाच दिवसांच्या फेरीत सरासरी डोस अडीच दिवसांनी पडतो, वीस दिवसांच्या फेरीत दहाव्या दिवशी. फरक साडेसात दिवसांचा, म्हणजे जवळजवळ एक दुप्पट. शेवटचं प्रमाण दोन्हीकडे तेच, खर्च झालेले पथक-दिवसही तेच वीस. त्यामुळे चार वस्त्यांना एकेक पथक लावण्यापेक्षा चारही पथकं सर्वांत जास्त आर असलेल्या वस्तीत आधी उतरवावीत, असं मॉडेल सांगतं. दोन वस्त्यांमध्ये साथ एकाच वेळी सारखी पेटलेली असेल तर हे लागू नाही.

३ फेब्रुवारी : कुपी

डोस आणि कुप्या एक नाहीत. गोवर-रुबेला लस कोरड्या स्वरूपात येते. सोबतच्या द्रावकात मिसळली की आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे ४ तासांत वापरायची, उरलेली टाकायची. सत्राला १३ मुलं आली आणि कुपी १० डोसांची असेल तर दोन कुप्या फुटतात, ७ डोस वाया, ३५ टक्के. ५ डोसांच्या कुप्या असतील तर तीन फुटतात, २ डोस वाया, १३ टक्के. म्हणून साठा मॉडेलमध्ये सत्रनिहाय कुप्यांनी मोजला आहे. सरसकट टक्के वजा करण्याने छोटी सत्रं उगाच स्वस्त दिसतात, आणि सुटलेली मुलं नेमकी छोट्या सत्रांतच मिळतात. वाया जाणाऱ्या डोसांच्या धास्तीने ‘पाच मुलं जमेपर्यंत कुपी फोडू नका’ असा तोंडी नियम पडला की शून्य-डोस मुलांमधली पोच आधी घसरते.

६ फेब्रुवारी : नऊ महिन्यांच्या आतली बाळं

१०,००० मुलं ५१ महिन्यांच्या वयोगटातली आहेत, म्हणजे दर महिन्याच्या वयाला साधारण १९६. ६ ते ९ महिन्यांची बाळं मग सुमारे ५९० होतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती या वयात ओसरत असते. वाईटात वाईट बाजू पाहायला सगळीच असुरक्षित धरली तर १,००० असुरक्षितांमध्ये एकदम ५९० ची भर. वस्तीपुरतं पाहिलं तर ६०० ची ७१८.

ही बाळं फारशी घराबाहेर जात नाहीत, त्यामुळे साथ पसरवण्यात त्यांचा वाटा कमी आणि सोसण्यात जास्त. त्यांचा वेगळा गट केला. संपर्क निम्मा धरला आहे, हा अंदाजच आहे. या वयात दिलेला डोस ‘शून्य क्रमांकाचा डोस’ म्हणून धरायचा, म्हणजे मोजणीत घ्यायचा नाही, आणि ९ महिन्यांनंतरचे दोन्ही डोस ठरल्याप्रमाणे द्यायचेच. मॉडेलमध्येही या बाळांना कायमच्या सुरक्षित कप्प्यात टाकायचं नाही. तसं केलं तर पुढच्या वर्षीची असुरक्षित मुलं कागदावरून गायब होतात.

१२ फेब्रुवारी : योगायोगाचं मॉडेल

आर १ च्या आसपास असला की सलग समीकरणं निरुपयोगी होतात. ०.३ मुलाला लागण होते आणि साथ महिनोन्‌महिने रेंगाळते. एका रुग्णापासून झालेल्या लागणी, मग त्यांच्यापासून झालेल्या, अशी पिढ्यांची बेरीज करणारं सरळ सूत्रही तिथे कोसळतं. १,६०० डोसांनंतर वस्तीत एक रुग्ण आला तर ते सरासरी ६२५ लागणी सांगतं, जेव्हा वॉर्डात असुरक्षित उरलीच आहेत ५९२. परिणामकारकता ९५ टक्के धरली तर तेच सूत्र ७ ते ८ लागणी सांगतं, त्यातल्या जवळपास निम्म्या वस्तीबाहेर. तो आकडा वापरण्यासारखा आहे.

म्हणून पूर्ण संख्येत मोजणारी, फासे टाकणारी आवृत्ती केली. प्रत्येक पावलाला कप्प्यातून किती मुलं पुढे सरकतात ते द्विपद वितरणातून (प्रत्येक मुलासाठी ठराविक शक्यतेचं नाणं उडवल्यासारखं) उचलायचं. म्हणजे ऋण संख्या येत नाही. इथे पावलाची लांबी दगा देते. कप्पा सोडण्याची शक्यता १ − ई चा घात (−दर × पाऊल) अशी ठेवली आणि पाऊल एक दिवसाचं असेल तर एका दिवसाचा कप्पा सरासरी १.५८ दिवसांचा होतो, म्हणजे सुप्त काळ ८ ऐवजी १२.७ दिवस. पाव दिवसाच्या पावलालाही ९ दिवस येतात. कप्पे सोडण्यासाठी शक्यता सरळ दर × पाऊल अशी लिहायची आणि पाऊल पाव दिवसाचं ठेवायचं. मग सरासरी बरोबर ८ राहते. लागण होण्याच्या शक्यतेला मात्र घाताचंच सूत्र हवं, नाहीतर धोका जास्त असताना ती १ च्या वर जाते.

१४ फेब्रुवारी : वॉर्डासाठीच्या पत्रकात काय द्यायचं

आपलेपणा नेमका किती हे कुठलाही वॉर्ड सांगू शकणार नाही. म्हणून प्रश्न उलटा फिरवला : वस्तीतल्या असुरक्षितांपैकी किती मुलं मिळाली तर आर १ वर येतो? परिणामकारकता ८५ टक्के धरून उत्तरं अशी. सगळे सारखे मिसळत असतील तर ६५ टक्के. आपलेपणा ०.५ ला ८० टक्के. ०.८ ला ८७. पूर्ण वेगळी वस्ती असेल तर ९२.

पत्रकात शेवटचा आकडा लक्ष्य म्हणून जाईल, कारण ०.५ चं लक्ष्य गाठलं आणि आपलेपणा प्रत्यक्षात ०.८ निघाला तर आर १.२२ राहतो. त्याखाली दोन ओळी : चार पथकांचं पाच दिवसांचं वेळापत्रक, आणि सहाव्या-सातव्या दिवशी फक्त सुटलेल्या घरांची फेरी. त्या दोन दिवसांसाठी ५ डोसांच्या कुप्या वेगळ्या काढून ठेवायच्या, आणि एका मुलासाठीही कुपी फोडायला लेखी परवानगी.